जिवतीच्या पटापासून चित्रपुस्तकापर्यंत

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा तंजावरचे भोसले, सरस्वती महाल, जिंजीचा किल्ला असे नेहमीचे विषय साहजिकच मनात आले. या विषयांवर अधिकारी व्यक्तींनी पूर्वी लिहिले आहे व पुढेही लिहितील. प्रस्तुत लेखात एका लहानशा, घरगुती आणि म्हणूनच इतिहासकारांच्या नजरेतून सहसा निसटणाऱ्या गोष्टीचा मागोवा घ्यावयाचा आहे. ती गोष्ट म्हणजे सणावाराच्या निमित्ताने लहान मुलाला मांडीवर घेऊन चित्र दाखविणे आणि त्या चित्राची गोष्ट सांगणे.

वरवर पाहता हा विषय क्षुल्लक वाटेल. परंतु थोडा विचार केला तर परप्रांतात राहणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने त्याचे मोल ध्यानी येते. गुढी कशी उभारतात हे महाराष्ट्रातील मुलाला कोणी मुद्दाम शिकवीत नाही. दारोदारच्या गुढ्या पाहता पाहता ते त्याला येते. दिवाळीचा किल्ला, पोळ्याचे बैल, होळीभोवतीची बोंब, संक्रांतीचे हलव्याचे दागिने, हे सारे आळीतच दिसते. सणाची ही शाळा तिकडे आपोआप भरते. १९९६ साली मद्रासचे चेन्नई झाले, पण मद्रास काय किंवा चेन्नई काय, इथे वाढणाऱ्या मराठी मुलाच्या वाट्याला ते पाहणे येत नाही. इथे ती शाळा घरातल्या घरात भरवावी लागते, आणि घरच्या शाळेला पुस्तक लागते. त्या पुस्तकाचा पूर्वेतिहास काय, आणि त्या इतिहासात या दक्षिण देशाचा वाटा कोणता, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

श्रावणातला कागद

आपल्याकडील सणाचे पहिले चित्रपुस्तक कोणते, असा प्रश्न कोणी केला तर प्रस्तुत लेखक जिवतीच्या कागदाकडे बोट दाखवील. श्रावण लागला की हा कागद भिंतीवर लावण्याची प्रथा महाराष्ट्रात घरोघर होती व पुष्कळ घरांत अजून आहे. त्यास पुस्तक म्हणणे काहींना धाडसाचे वाटेल, कारण तो एकच ताव असतो. पण त्याची रचना पाहावी. वरच्या बाजूस खांब फोडून प्रकटलेला नरसिंह आणि कालियाच्या फणीवर उभा असलेला कृष्ण. मध्ये मुलाबाळांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका. खाली हत्तीवर बसलेला बुध आणि वाघावर बसलेला बृहस्पती. या चित्रांना वार व तिथी नेमून दिलेल्या आहेत. नागपंचमीस कालियामर्दन, बुधवार-गुरुवारी बुध-बृहस्पती, शुक्रवारी जिवती, शनिवारी नरसिंह. म्हणजे महिनाभर रोज नजरेसमोर असलेल्या एकाच तावाची निरनिराळी पाने जणू वारावारांनी उलगडत जातात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या पटावरील बहुतेक चित्रांच्या मुळाशी मूल आहे. नरसिंह येतो तो प्रल्हादासाठी. यमुनेच्या डोहात उतरतो तो कृष्णही बालकच. दोन शकले होऊन जन्मलेल्या जरासंधाला सांधणारी जरा ही महाभारतातील राक्षसी इथे मुलांची रक्षणकर्ती होऊन बसली आहे. मुलांच्या रक्षणासाठी मांडलेले हे पूजन असल्याने ते चित्र मुलांच्या नजरेच्या टप्प्यात येणे स्वाभाविकच होते. हत्तीवर कोण बसला, वाघ त्याला खात कसा नाही, पाळण्यातले बाळ कोणाचे, या प्रश्नांची उत्तरे देता देता कितीतरी आज्यांनी नातवंडांना आपली पुराणे सांगितली असतील.

चित्राच्या जोडीला कहाणी होती. श्रावणातल्या कहाण्या हातात तांदूळ धरून ऐकावयाच्या असतात. एकीने वाचावी किंवा तोंडपाठ म्हणावी व इतरांनी ऐकावी, असा तिचा रिवाज आहे. कहाणीची वाक्ये आखूड, घटना पुन:पुन्हा येणाऱ्या आणि शेवट ठरलेला. शिशुवर्गासाठी लिहिणाऱ्या आधुनिक लेखकांनी ज्या युक्त्या योजल्या, त्या कहाणीने केव्हाच आत्मसात केल्या होत्या. चित्र, मोठ्या माणसाचा आवाज, ठरलेला दिवस आणि शेजारी बसलेले मूल, ही चार अंगे ज्या वाचनात एकत्र येतात त्याचे मूळ आपल्याकडे या व्रतात आहे.

जिवतीच्या पूजेतील एक आचार तर आपणां सर्वांच्या मनाला भिडणारा आहे. शुक्रवारी आई मुलांना ओवाळते. जे मूल परगावी असेल त्याच्यासाठी ती चारी दिशांना अक्षता टाकते. मुले दूर जातील आणि तरीही सणात त्यांची जागा राहिली पाहिजे, ही जाणीव या व्रतात पूर्वीपासून आहे.

छापखाना आणि बालवाचक

मुलांसाठी चित्रे छापून पुस्तक करण्याची कल्पना युरोपात सतराव्या शतकातील. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचे लॅटिन व जर्मन अशा दोन भाषांतील सचित्र पुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाले. वरती चित्र, खाली त्यातील वस्तूंची नावे, एका बाजूस शाळेची भाषा व दुसऱ्या बाजूस घरची भाषा, अशी त्याची मांडणी होती. घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि रस्त्यावर तिसरी अशा परिस्थितीत मुले वाढविणाऱ्या आपल्यासारख्यांना ही मांडणी आजही उपयोगी वाटावी.

मराठी मुलांसाठी पुस्तक छापण्याचा पहिला मान मुंबई-पुण्याकडे नसून या तमिळ देशाकडे आहे, हे इथल्या मराठी माणसांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. तंजावरचे सरफोजी राजे (१७७७–१८३२) यांचे शिक्षण श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले होते व त्या काळात त्यांचे काही वर्षे मद्रासेत वास्तव्य होते. गादीवर आल्यावर त्यांनी ग्रंथसंग्रह वाढविला, नवविद्याकलानिधी ही शाळा चालविली आणि देवनागरी मुद्रणालय काढले. त्या मुद्रणालयातून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सख्खन पंडितांनी केलेले इसापनीतीचे मराठी भाषांतर ‘बाळबोध मुक्तावली’ या नावाने बाहेर पडले. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचा ‘बालमित्र’ मुंबईस निघाला तो १८२८ साली. म्हणजे मराठी मुलाच्या हाती छापील गोष्टी देण्यात कावेरीकाठाने मुंबईवर जवळजवळ दोन दशकांची आघाडी घेतली होती.

पुढील काळात हे कार्य मुंबई व पुण्यातच वाढले. १८७८ साली पुण्यात चित्रशाळेची स्थापना झाली आणि शिळाप्रेसवर छापलेली देवादिकांची रंगीत चित्रे सामान्य माणसाच्या भिंतीवर आली. १८९४ साली निघालेल्या राजा रविवर्म्यांच्या छापखान्याने हे काम देशभर पोहोचविले. १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ मासिक सुरू केले. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ काढले. मुलांना महिन्याच्या महिन्याला स्वतःच्या नावाने काही वाचावयास येते, ही जाणीव या मासिकांनी रुजविली.

सण आणि वाचन यांची सांगड घालणारी घटना मात्र १९०९ सालची. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी त्या वर्षी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ अंक हा त्यांच्यापुढील आदर्श होता. इंग्लंडात नाताळच्या सुमारास सचित्र पुस्तके भेट देण्याची चाल एकोणिसाव्या शतकात चांगलीच रूढ झाली होती. डिकन्सची नाताळावरील प्रसिद्ध कथा १८४३ च्या डिसेंबरात जॉन लीच याच्या चित्रांसह निघाली ती नेमकी सणाच्या तोंडावर. मित्रांनी ती चाल उचलली आणि दिवाळीच्या फराळाशेजारी अंक आणून ठेवला. आता तर दिवाळी अंक इतके आपले झाले आहेत की त्यांचे मूळ परके होते हे सांगितल्यावाचून ध्यानातही येत नाही. पुढे मुलांसाठीही स्वतंत्र दिवाळी अंक निघू लागले. पाठ्यपुस्तक मंडळाचा ‘किशोर’ नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झाला आणि त्याचे सचित्र दिवाळी अंक ग्रामीण भागातील शाळांपर्यंत गेले. परप्रांतातील कुटुंबांना तर टपालाने आलेला दिवाळी अंक हाच कित्येकदा दिवाळी आल्याचा पहिला पुरावा असे.

मद्रासचा चांदोबा

या टपालाचा एक उलट प्रवाहही होता. मुंबई-पुण्याच्या, विदर्भाच्या, मराठवाड्याच्या घरांत ज्या मासिकाची मुले वाट पाहत, त्यांतील एक मद्रासहून जात होते. ते मासिक म्हणजे ‘चांदोबा’.

बी. नागी रेड्डी व चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, तेलुगूत ‘चंदमामा’ व तमिळमध्ये ‘अंबुलिमामा’ सुरू केले. एकेक भाषा वाढत गेली आणि १९५२ साली त्याची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ या नावाने निघाली. वडपळनीला, चित्रपटांच्या स्टुडिओंच्या शेजारी, या मासिकाचे कार्यालय होते. कोडवटिगंटी कुटुंब राव हे तेलुगूतील नामवंत लेखक १९५२ पासून १९८० साली निधन होईपर्यंत त्याच्या संपादनाचा भार वाहत होते. मजकुराचे निरनिराळ्या भाषांत रूपांतर होई. चित्रे मात्र सर्व भाषांना एकच असत. एम. टी. व्ही. आचार्य, चित्रा, वड्डादि पापय्या, शंकर या चित्रकारांनी हजारो पाने रंगविली. खांद्यावर प्रेत टाकून तलवार घेतलेला विक्रम राजा हे शंकर यांचे चित्र कोणत्या मराठी वाचकाला आठवत नाही? हे शंकर म्हणजे के. सी. शिवशंकरन. मद्रासच्या कलाशाळेत शिकलेले हे तमिळ गृहस्थ २०२० साली, वयाची नव्वदी ओलांडून, निवर्तले.

‘चांदोबा’ने एक मौजेची गोष्ट केली. जळगाव किंवा सोलापूरच्या मुलाने प्रथम पाहिलेले गोपुर, दक्षिणी धाटणीचा मुकुट, केळीच्या खांबांनी सजविलेला मंडप, हे त्याला या मासिकात दिसले. रामकथा, कृष्णकथा, गणपतीच्या कथा म्हणजे आपल्या सणांमागील कथाच. त्या मराठीत वाचीत असताना त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला तो मात्र दक्षिणेचा देव. कोणी म्हणेल की हा घोटाळा झाला. प्रस्तुत लेखकास तो मोठा लाभ वाटतो. एकच चित्र बारा भाषांतील मुले पाहत होती आणि प्रत्येकाला ते आपलेच वाटत होते. पौराणिक कथेला प्रांताची सीमा नसते, ही गोष्ट व्याख्यानांनी शिकविण्यापेक्षा अशा चित्रांनी अधिक चांगली शिकविली.

१९९८ साली हे मासिक काही काळ बंद पडले, पुन्हा सुरू झाले आणि २०१३ च्या सुमारास कायमचे थांबले. मद्रासहून निघून साऱ्या महाराष्ट्राच्या बालपणात शिरलेले एक दार बंद झाले.

परंतु या शहराने ती परंपरा अगदीच खंडित होऊ दिली नाही. १९९६ साली इथे सुरू झालेल्या ‘तूलिका’ या प्रकाशनसंस्थेने लहान मुलांसाठी चित्रपुस्तके काढली, ती इंग्रजी, हिंदी व तमिळ यांच्याबरोबर मराठीतही. त्यांतील पुष्कळ पुस्तके द्वैभाषिक आहेत, म्हणजे एकाच पानावर इंग्रजी व मराठी. साडेतीन शतकांपूर्वीच्या कोमेनियसची मांडणी अशा रीतीने आपल्या दाराशी आली. इकडे पुण्या-मुंबईत ज्योत्स्ना प्रकाशनाने मराठी चित्रपुस्तकांना घाट दिला आणि माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’, ‘वाचू आनंदे’ यांसारख्या पुस्तकांतून मराठी घर, मराठी बोलणे आणि मराठी मूल जसे आहे तसे चितारले. २००४ साली स्थापन झालेल्या ‘प्रथम बुक्स’ने २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतील सचित्र पुस्तके संगणकावर विनामूल्य खुली केली. तेव्हा पुस्तकच मिळत नाही, ही पूर्वीची सबब आता आपल्यापाशी उरलेली नाही.

चित्रातला ऋतू आणि खिडकीतला ऋतू

पुस्तक मिळाले, आता ते मुलाबरोबर पाहावयाचे कसे? इथे परप्रांतातील कुटुंबापुढे एक खरी अडचण उभी राहते. पुस्तकातील सण आणि खिडकीबाहेरील ऋतू यांचा मेळ बसत नाही.

श्रावणाच्या चित्रात हिरवे डोंगर, ऊनपाऊस आणि झाडाला टांगलेला झोका असतो. चेन्नईत त्या वेळी बहुधा उकाडा असतो. इथला वर्षाचा मोठा पाऊस पडतो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात. म्हणून दिवाळीच्या चित्रात कोरड्या अंगणात मातीचा किल्ला उभा असतो, तेव्हा इथे अंगणात पाणी साचलेले असते आणि फटाके वाळवावे लागतात. पोळ्याचे चित्र भाद्रपदाच्या तोंडाशी येते. इथे बैल सजतात ते जानेवारीत, माट्टुप्पोंगलला. वर्षाचा पहिला दिवस आपला चैत्र प्रतिपदेचा, शेजाऱ्यांचा एप्रिलच्या मध्याचा.

ही विसंगती पाहून आईबाप दोन प्रकारे वागतात. काहीजण पुस्तकच मिटून ठेवतात, कारण मुलाला त्यातले काही कळत नाही अशी त्यांची समजूत असते. काहीजण खिडकी मिटून घेतात. पुस्तकातले तेच खरे व आपले, बाहेरचे ते त्यांचे, असे मुलाच्या मनावर ठसवितात. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. ही विसंगती हीच बोलण्याची संधी आहे.

माझी चार वर्षांची नात एकदा पोळ्याचे चित्र पाहत होती. झूल पांघरलेले, शिंगे रंगविलेले बैल पाहताच ती ओरडली, “माट्टुप्पोंगल!” तिच्या आजीने “नाही गं, हा पोळा” असे म्हणून विषय संपविला असता तर तो तिथेच संपला असता. तिने विचारले, “मग यांना पोंगल देतात का बघ बरं.” नातीने चित्रात शोध घेतला, पुरणपोळी दिसली, आणि पुढील अर्धा तास बैलांना काय आवडते, त्यांना सुट्टी कोण देतो, झूल कोण शिवतो, यावर चर्चा चालली; आणि ती सारी मराठीत. मूल आपल्या ओळखीच्या गोष्टीचा हात धरून अनोळखी गोष्टीकडे जाते. शेजाऱ्यांचा सण हा आपल्या सणाकडे नेणारा हात होऊ शकतो.

अशा जोड्या कितीतरी सापडतात. पिळ्ळैयार चतुर्थीस मैलापूरच्या रस्त्यांवर मातीचे गणपती आणि त्यांच्या रंगीत कागदी छत्र्या विकावयास येतात. घरोघर जे कोळुक्कट्टै होतात ते आपल्या उकडीच्या मोदकांचे सख्खे भाऊ. श्रावणातल्या शुक्रवारी आपल्याकडे जिवती, तर इथल्या घरांत पौर्णिमेआधीच्या शुक्रवारी वरलक्ष्मी. भोगी दोन्हीकडे एकाच दिवशी. इथे पहाटे जुने-पाने जाळतात, तिकडे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी होते. नरक चतुर्दशीला सूर्योदयापूर्वी तेल लावून स्नान दोन्हीकडे चुकत नाही. आपल्याकडे त्याबरोबर पायाखाली कारीट फोडावयाचे असते, एवढाच काय तो फरक. नवरात्रात शेजारी कोलू मांडतात. पायऱ्यापायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांचा तो थाट म्हणजे एक मोठे उघडलेले चित्रपुस्तकच होय. तिथे सुंडल खाता खाता मुलाला विचारावे की आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे कसे मांडतात, आणि घरी येऊन पुस्तकात ते दाखवावे.

मुलाला चित्र कसे दाखवावे याविषयी आधुनिक शिक्षणशास्त्रानेही विचार केला आहे. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या द्वारे गोष्ट, गाणे व खेळ यांना बालशिक्षणात मानाचे स्थान मिळवून दिले. अमेरिकेत व्हाइटहर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांना आईबापांनी पुस्तक नुसते वाचून न दाखविता प्रश्न विचारावेत, मुलाच्या उत्तरात भर घालावी व हळूहळू गोष्ट सांगण्याचे काम मुलाकडेच सोपवावे, असे त्यांनी सुचविले. महिनाभरातच या मुलांची बोलण्याची शक्ती नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखविलेल्या मुलांपेक्षा पुढे गेल्याचे आढळले. जिवतीच्या पटासमोर बसलेल्या आजीला हा प्रयोग वाचावयाची गरज नव्हती. आपल्याला मात्र, पुस्तक आहे पण वेळ नाही अशा या दिवसांत, तो आठवणीत ठेवण्याजोगा आहे.

तंजावरचा धडा

येथवर जे सांगितले त्यात काळजीचा सूर फारसा नव्हता. परंतु इतिहास लिहावयास बसल्यावर अप्रिय भागही सांगणे प्राप्त आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात व्यंकोजी राजांबरोबर व त्यांच्या मागून जी मराठी कुटुंबे तंजावरकडे आली, त्यांचे वंशज आज तमिळनाडूभर पसरले आहेत. त्यांनी आपली भाषा साडेतीनशे वर्षे घरात टिकविली, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यांच्या मराठीत जुने शब्द आहेत, तमिळची लय आहे आणि एक वेगळाच गोडवा आहे. पण त्यांतील कित्येकांना मराठी वाचता येत नाही. घरात बोलणे उरले, लिपी गेली. ज्या घराण्याने मराठी मुलांसाठी पहिले पुस्तक छापले, त्याच्याच प्रजेच्या वंशजांना ते पुस्तक हाती दिले तर वाचून घ्यावयास दुसरा कोणी शोधावा लागेल.

हे कशाने घडले? १८५५ साली दुसरे शिवाजी राजे निपुत्रिक वारले आणि तंजावरचे राजपद संपले. राजाश्रय गेला, दरबारचे मराठी कागद थांबले, शाळा तमिळ व इंग्रजीच्या झाल्या. मराठी वाचण्याचे कोणतेही कारण उरले नाही. बोलण्याला मात्र घरात रोजचे कारण होते, म्हणून ते टिकले. या इतिहासातून एकच निष्कर्ष निघतो. भाषेला टिकावयाचे तर कारण लागते, आणि वाचनाचे कारण आपोआप उत्पन्न होत नाही. ते कोणीतरी मुद्दाम निर्माण करावे लागते. यात त्या कुटुंबांचा दोष नाही. आपण त्यांच्या जागी असतो तर आपलेही तेच झाले असते. किंबहुना आज आपण त्याच जागी आहोत.

आपल्या मंडळातील घरांकडे पाहावे. इकडे आलेली पहिली पिढी मराठी वाचते व लिहिते. दुसरी पिढी बोलते, पण दिवाळी अंकाऐवजी इंग्रजी मासिक उचलते. तिसरी पिढी मराठी समजते, उत्तर मात्र इंग्रजीत किंवा तमिळमध्ये देते. तंजावरला जे व्हावयास दीड शतक लागले ते आपल्याकडे तीन पिढ्यांत होऊ पाहत आहे.

या घसरणीला सण हाच सर्वांत स्वाभाविक अडसर होऊ शकतो, असे मला वाटते. वर्षभर रोज मराठी वाचा, असे सांगितले तर ते पाळले जात नाही. पण गुढीपाडवा, नागपंचमी, पोळा, गणपती, दसरा, दिवाळी, संक्रांत, होळी, एवढ्या आठ दिवसांच्या आदल्या संध्याकाळी त्या सणाचे एक चित्रपुस्तक घेऊन बसणे अवघड नाही. वर्षातून आठ संध्याकाळी हे घडले तर मूल सहा वर्षांचे होईपर्यंत तेच पुस्तक, तोच शब्द, तेच अक्षर त्याने कितीतरी वेळा पाहिलेले असते. सण दरवर्षी परत येतो, हे त्याचे मोठे सामर्थ्य आहे. त्याच्याबरोबर पुस्तकही परत येते.

एक विनंती

सणांमध्ये एक दिवस तर असा आहे की ज्या दिवशी आपण व आपले शेजारी दोघेही पुस्तकांपुढेच हात जोडतो. महानवमीला इथे सरस्वतीपूजेत पुस्तके मांडतात. त्या दिवशी ती उघडावयाची नसतात आणि विजयादशमीला सकाळी पूजा उतरवून थोडे तरी वाचावयाचे असते. लहान मुलांचे अक्षरारंभ त्याच दिवशी होतात. आपल्याकडे दसऱ्याला पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढतात व तिची पूजा करतात. आकड्यांतून काढलेले हे चित्र म्हणजे कित्येक पिढ्यांतील मराठी मुलांनी स्वतःच्या हाताने काढलेले पहिले देवतेचे चित्र होय. अक्षर, अंक, चित्र आणि सण एका पाटीवर एकत्र आणणारी इतकी साधी कल्पना दुसरी क्वचितच सापडेल.

सुवर्णमहोत्सवी वर्षाचे औचित्य साधून मंडळाने विजयादशमीला मुलांचा एक छोटा कार्यक्रम करावा, अशी विनंती करावीशी वाटते. खर्च फारसा नाही. पाटी-पेन्सिल मंडळाने द्यावी. सरस्वती कशी काढतात हे ज्येष्ठांनी दाखवावे. आणि प्रत्येक लहान मुलाला एक मराठी किंवा मराठी-इंग्रजी चित्रपुस्तक द्यावे. ग्रंथालयात एक कपाट केवळ सणांच्या पुस्तकांसाठी राखावे, तेही मुलाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर. पुस्तक घरी नेण्याची एकच अट असावी : त्यातील गोष्ट घरच्या मोठ्या माणसाने मुलाला मराठीत सांगावी, मग त्याचे स्वतःचे मराठी कितीही मोडकेतोडके असो. तमिळ शेजाऱ्यांची मुले आली तर त्यांनाही बसवावे. सरफोजी महाराजांच्या देशात हे परके वाटण्याचे कारण नाही.

मंडळाने पन्नास वर्षांत गणेशोत्सव केले, नाटके बसविली, हळदीकुंकू व कोजागिरी साजरी केली. पुढील पन्नास वर्षांचा हिशेब कोणी मांडील तेव्हा तो मराठीत मांडणारा व वाचणारा कोणी असावा, एवढीच इच्छा. चारी दिशांना पडलेल्या श्रावणातल्या अक्षता आपल्यापर्यंत पोहोचत आल्या आहेत. आता आपल्या हातातील तांदूळ आपल्या नातवंडांच्या मस्तकावर टाकण्याची पाळी आपली आहे. त्या वेळी शेजारी एखादे चित्रांचे पुस्तक उघडे असावे.